टॅब मोजून झाले, आता पोरांचं वाचन ऐका

मार्चमध्ये शाळेला एक लिंक आली, तात्काळ भरा म्हणून. प्रोजेक्टर आहे का, असेल तर चालू की बंद, टॅब किती, टीव्ही किती इंची, इंटरनेट आहे का, आणि शेवटी मुलं टॅब वापरतायत असा एक फोटो. मी फळ्यावरचं अर्धं उदाहरण तसंच सोडलं, कपाटातून टॅब काढले, ज्यांना चार्जिंग होतं ते पोरांच्या हातात दिले, फोटो काढला, तो अपलोड व्हायला दोनदा शाळेबाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहिले आणि सबमिट केलं. पाऊण तास गेला. रात्री भाकरी करताना पण डोक्यात तेच चालू होतं, की एवढ्या सगळ्या रकान्यांत एकही रकाना असा नव्हता की या टॅबमुळे कुठलं पोर काय शिकलं, जे त्याला आधी येत नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, माझ्याकडे पहिली आणि तिसरी. वीस वर्षांच्या वर झाली नोकरीला. या वीस वर्षांत शाळेत आलेली प्रत्येक नवी वस्तू मी हाताळलीय आणि तिचं "मूल्यमापन" पण भरलंय, आणि प्रत्येक वेळी मूल्यमापन म्हणजे मोजदाद एवढाच अर्थ निघालाय. वस्तू पोचली, सही झाली, फोटो गेला, झालं मूल्यमापन. हे चुकीचं आहे, आणि नुसतं कागदापुरतं चुकीचं नाही तर त्याने पोरांचं नुकसान होतंय, हेच मला इथे नीट मांडायचंय.

२०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारचा कार्यक्रम आला तेव्हाचा उत्साह ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड सरांनी डिजिटल केली होती, ती बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते, आम्ही पण जीप करून गेलो. परत येताना गाडीत कोणी झोपलं नाही, सगळे हिशोब करत होते किती वर्गणी जमेल. मग आम्ही गावात फिरलो, कोणी पाचशे दिले, कोणी सोयाबीन विकल्यावर देतो म्हणाले आणि खरंच आणून दिले, एका आजींनी लुगड्याच्या गाठीतून पन्नास रुपये काढून दिले ते मला अजून दिसतात. प्रोजेक्टर आला. पहिल्या दिवशी पोरांनी भिंतीवर समुद्र बघितला, लाट अंगावर येतेय असं वाटून पुढची रांग मागे सरकली. आमच्या गावातली दोन पोरं पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जायची ती त्या वर्षी परत आली. हे खरं आहे आणि मी ते विसरणार नाही. डिजिटल शाळेने जिल्हा परिषदेच्या शाळांना गावात परत मान मिळवून दिला, हा फायदा कुठल्याच परीक्षेत दिसत नाही पण तो होता.

मग दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टरचा दिवा गेला. नवा दिवा बसवायला सादिलमधून, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या अनुदानातून, पैसे निघेनात, कारण सादिलमध्ये खडू, झाडू, वीजबिल सगळंच भागवायचं असतं. मग वीजबिल थकलं आणि कनेक्शनच कापलं गेलं, ते परत जोडायला सहा महिने. लोकांकडे परत वर्गणी मागायला तोंड नव्हतं. घ्यायला वर्गणी, अनुदान, देणगी सगळं मिळतं, फीत कापायला पाहुणे पण मिळतात, पण दुरुस्तीला कोणीच नसतं. तो प्रोजेक्टर आज कपाटात आहे, त्याच्यावर मी कापड टाकून ठेवलंय कारण ज्यांनी पैसे दिले ती माणसं शाळेत येतात आणि त्यांना तो तसा दिसावा असं मला वाटत नाही.

आपल्याकडे हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. पुण्याची बालचित्रवाणी, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था, आठवा, १९८४ ला सुरू झाली, दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम बघत आमची पिढी मोठी झाली, आणि २०१७ ला ती बंद झाली. तेहतीस वर्षांत किती मेहनतीने मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनले असतील, पण त्या कार्यक्रमांनी पोरांच्या शिकण्यात नेमकी काय भर घातली, कुठला भाग उपयोगी पडला आणि कुठला नाही, हे पुढच्या माणसांच्या हातात काही आलं का? आम्हाला शाळेत तरी कधी काही आलं नाही. त्यामुळे प्रत्येक नवी लाट शून्यापासून सुरू होते. टीव्हीनंतर कॉम्प्युटर लॅब, मग प्रोजेक्टर, मग क्यूआर कोड, मग टॅब, आणि आता तिसरीपासून एआय शिकवायचं चाललंय.

खरं म्हणजे याची उत्तरं शोधली गेलीयत, आणि फार लांब नाही, आपल्या शेजारीच. गुजरातमध्ये बडोद्याला २००० नंतरच्या काही वर्षांत चौथीच्या पोरांना आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ दिले, एका कॉम्प्युटरवर दोन पोरं, आणि ज्या शाळांना हे मिळालं नाही त्यांच्याशी तुलना केली. गणित चांगलंच सुधारलं. आता दुसरी गोष्ट, तीही गुजरातचीच, ग्यानशाला नावाच्या संस्थेच्या शाळांमधली, आणि माझ्या मते प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने ही पाठ करावी. तिथे काही ठिकाणी कॉम्प्युटर शाळेच्या वेळेत, म्हणजे बाईंच्या शिकवण्याच्या तासाच्या जागी वापरला, आणि काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा म्हणून. जादा वापरला तिथे पोरं पुढे गेली. बाईंच्या तासाच्या जागी वापरला तिथे पोरं मागे पडली, नुसती जागच्या जागी राहिली असं नाही, ज्यांना कॉम्प्युटर मिळालाच नाही त्यांच्याही मागे. म्हणजे कॉम्प्युटर चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, तो कशाच्या जागी आला ते विचारायला पाहिजे.

दिल्लीतली गोष्ट पण अशीच. सहावी ते नववीच्या ६१९ पोरांमध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना शाळेनंतर केंद्रात यायची संधी दिली, तिथे काही वेळ कॉम्प्युटरवर सराव आणि काही वेळ छोट्या गटात शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या साधारण दुप्पट झाली. का झाली ते समजून घ्या. ते सॉफ्टवेअर पोराची इयत्ता बघत नव्हतं, पोराला काय येतंय ते बघत होतं. सहावीत बसलेलं पोर गणितात दोन अडीच इयत्ता मागे असेल तर त्याला तिथूनच उचलत होतं. वर्गात बसलेल्या चाळीस जणांना एकच पान शिकवणाऱ्या शिक्षकाला हे एकट्याने जमत नाही, मशीनला जमतं, आणि तिथे मशीन माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला कबूल करायला काही वाटत नाही.

याच्या उलट पेरू देश. तिथे सरकारने गावोगावच्या शाळांत पोरांना लॅपटॉप वाटले, ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, सव्वा वर्षाने बघितलं तर भाषा आणि गणितात काही फरक नाही. लॅपटॉप होते, पोरं ते वापरत पण होती. आमच्याकडची लिंक त्या शाळांनी भरली असती तर त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

आता माझ्या वर्गातलं सांगते. आमच्याकडे सहा टॅब आहेत, पोरं तेवीस. एका अ‍ॅपवर वजाबाकी होती, चार पर्याय, बरोबर आलं की हिरवं होऊन टाळ्या वाजतात, चुकलं की परत प्रयत्न कर. तिसरीतलं एक पोर भराभर पुढे चाललं होतं, मला वाटलं वा, आणि मग त्याच्या मागे जाऊन उभी राहिले तर ते नुसतं एकामागून एक पर्याय दाबत होतं, हिरवं होईपर्यंत. अ‍ॅपच्या हिशोबात त्याने वीस उदाहरणं "पूर्ण" केली होती. मी त्याला पाटी दिली, म्हटलं ५२ वजा ३८ कर. त्याने लिहिलं २६. आता हे २६ माझ्यासाठी फार मोलाचं आहे, कारण ते मला सांगतं की हे पोर पाचातून तीन गेले दोन हे बरोबर करतंय, पण दोनातून आठ जात नाहीत म्हटल्यावर उलटं करून आठातून दोन काढतंय, म्हणजे याला दशक सुटा करायचा हे समजलंच नाहीये. पाच मिनिटं काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला, दहा सुट्या केल्या, दोनात मिळवल्या, बारातून आठ काढून दाखवले. त्याचा चेहरा बदलला. चांगलं सॉफ्टवेअर ही चूक ओळखू शकतं, दिल्लीवालं त्यासाठीच चांगलं होतं. पण शाळेला येणारं अ‍ॅप चूक ओळखणारं आहे की नुसतं टाळ्या वाजवणारं, हे खरेदी करताना कोण तपासतं? माझा आग्रह आहे की हे तपासायला वर्गावरचा शिक्षक बसवा, ज्याने पाटीवरचं ते २६ बघितलंय असा.

तेच क्यूआर कोडचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढे त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. कल्पना साधी होती, मला ती आजही आवडते, पुस्तकातली कविता पोराला घरी ऐकता यावी. पण एका शिक्षकाने स्वतःच्या पोरांसाठी निवडून, ऐकून, त्यांच्या घरात फोन कोणाकडे असतो ते विचारून केलेली गोष्ट आणि तीच गोष्ट लाखो पुस्तकांत छापली जाणं यात फरक पडतो. छापताना कोड पुस्तकात पोचतो, त्यामागची विचारपूस पोचत नाही. आणि मग आम्हाला विचारतात तुमच्या शाळेतून किती स्कॅन झाले.

कोरोनाच्या काळाबद्दल मी जास्त लिहित नाही, सगळ्यांनी भोगलंय. एवढंच सांगते की फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर, ही माझ्या निम्म्या वर्गाची परिस्थिती होती, आम्ही अभ्यास पाठवत होतो आणि त्यापुढे निळ्या खुणा येतायत का बघत होतो. देशभरात गावागावांत जाऊन होणाऱ्या असरच्या पाहणीत २०१८ ला तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती, २०२२ ला ते २०.५ वर आलं, आणि २०२४ ला परत २७.१. ही भरपाई कशाने झाली यावर मतं वेगवेगळी असतील, माझ्या डोळ्यासमोर झाली ती समोर बसवून अक्षरं, शब्द, छोटी वाक्यं परत परत घेऊन झाली. आणि भरपाई होऊनसुद्धा तिसरीतल्या चारपैकी जवळपास तीन पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे वाक्य मी लिहून परत वाचते तेव्हा मला त्रास होतो. त्याच तिसरीत एआय आणायचं म्हणतात. आणा, पण ज्या पोराला उतारा वाचता येत नाही त्याला मशीनने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे कसं कळणार, याचं उत्तर आधी द्या.

त्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या पोरांना फोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातली आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. पोरांना दोष देऊन उपयोग नाही, यंत्र हातात दिलं म्हणजे शिक्षण दिलं असं आपणच समजलो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळं केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. काही जण याला मागासपणा म्हणतात. मला हा तंत्रज्ञानाबद्दलचा फार शहाणा निर्णय वाटतो, कारण कधी वापरायचं आणि कधी ठेवून द्यायचं हे गावाने बसून ठरवलं, आईबापांनी पण आपला टीव्ही बंद केला. स्वीडनसारख्या देशानेसुद्धा २०२३ मध्ये छापील पुस्तकं आणि हाताने लिहिणं यावर परत जोर दिला, तिथे तर पैशाची आणि नेटची अडचण पण नव्हती.

पालक मला म्हणतात, बाई शहरातली पोरं पुढे जातील आणि आमची मागे राहतील. त्यांची भीती खरी आहे आणि मी ती कधी हसण्यावारी नेत नाही. पण शहरातलं पोर पुढे जातं ते टॅबमुळे नाही, घरात त्याची वही बघणारं माणूस आहे म्हणून, टॅब हा त्याच्या वरचा जादा आहे. ज्या पोराला हे माणूस नाही त्याला नुसता टॅब दिला तर अंतर कमी होत नाही, वाढतं. आणि मला तंत्रज्ञान पाहिजेच आहे. माझ्या वर्गात कमी दिसणारं एक पोर होतं, त्याला धडा फोनवर मोठ्या अक्षरात करून आणि ऐकवून शिकवलं, ते फळ्याने कधीच झालं नसतं. त्याच्यासाठी मी कोणाशीही भांडेन.

आता एक गोष्ट जी मूल्यमापनात कोणीच धरत नाही. शाळेत जेवढं तंत्रज्ञान आलंय त्यातलं पोरांच्या वाट्याला किती आलं आणि ऑफिसच्या वाट्याला किती? हजेरी ऑनलाईन, पोषण आहाराची माहिती ऑनलाईन, आधारची जुळणी ऑनलाईन, चाचणीचे गुण ऑनलाईन, वृक्षारोपणाचा फोटो, दिनविशेषाचा फोटो, प्रशिक्षणाची लिंक, त्याच्या अभिप्रायाची लिंक. द्विशिक्षकी शाळेत एक जण हे करत बसला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. "आम्हाला शिकवू द्या" ही मागणी शिक्षक उगाच करत नाहीत. गुजरातच्या त्या शाळांमध्ये बाईंचा तास कॉम्प्युटरने घेतला म्हणून पोरं मागे पडली ना, मग आमचा तास लिंकांनी घेतला तर काय होत असेल? याचा अभ्यास करा ना कोणीतरी. एका शाळेत महिनाभर बसा, घड्याळ लावा, शिक्षक दिवसातली किती मिनिटं स्क्रीनकडे बघतो आणि किती पोरांकडे, ते लिहून काढा. मी माझी शाळा उघडी ठेवते.

मला पाहिजे ते मूल्यमापन फार अवघड नाहीये. टॅब यायच्या आधी एकेका पोराला समोर बसवून वाचून घ्या, दोन वजाबाक्या करून घ्या, लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत तेच करा. शेजारच्या ज्या शाळेला टॅब मिळाले नाहीत तिथेही करा. आणि तेवढ्याच पैशात दुसरं काय आलं असतं ते पण बाजूला लिहा, गोष्टीची पुस्तकं किती आली असती, रिकाम्या जागेवर मानधनावर कोणी ताई मिळाली असती का. दुरुस्तीचे पैसे खरेदीच्या दिवशीच बाजूला काढा, नाहीतर खरेदीच करू नका. आणि उत्तर "फायदा झाला नाही" असं आलं तर ते लिहायची शिक्षकाला मोकळीक द्या, कारण आज आमच्यापैकी कोणीही तसं लिहित नाही, लिहिलं की शाळा मागे आहे असं धरतात.

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. यंदा बीडकडची एक मुलगी तिसरीत आली, कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या पोरांना मिळतं ते शिक्षण हमी कार्ड बरोबर होतं, त्यावरून इयत्ता कळली, पण तिला काय येतं ते काही कळलं नाही. मी तिच्या गावच्या शाळेतल्या बाईंचा नंबर शोधून काढला, त्यांनी तिच्या वहीच्या दोन पानांचे फोटो आणि दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवला, की पोरगी हुशार आहे, वाचते, जोडाक्षराला अडते, आणि ओरडलं की आठ दिवस बोलत नाही. त्या दीड मिनिटाने माझे दोन महिने वाचवले. माझ्या सगळ्या नोकरीत फोनचा एवढा चांगला उपयोग दुसरा झाला नसेल, आणि मार्चच्या त्या लिंकमध्ये हे भरायला जागा नव्हती. पाडव्याच्या आधी टोळी परत गेली. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या वहीचे फोटो काढले आणि बीडच्या बाईंना मेसेज टाकला, जोडाक्षरं वाचायला लागली, लिहिताना अजून चुकते, हातच्याची वजाबाकी राहिलीय तेवढी घ्या, आणि तिला गोष्टीचं एक पुस्तक दिलंय बरोबर, ते पोचलं का विचारा.